पहिला पेला कोणाच्या हातचा?

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले, की खानदेशात भरीत पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. बामणोदची मोठाली हिरवी वांगी शेतातच पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली जातात, बडगीत ठेचली जातात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर बांधावर पंगत बसते. लेवा पाटलांच्या मळ्यापासून जळगाव-भुसावळच्या नोकरदारांपर्यंत सर्वांना प्रिय असलेला हा निर्मळ सोहळा आहे. परंतु काही ठिकाणी या पंगतीशेजारी एक दुसरी बैठकही बसू लागली आहे. विहिरीच्या पलीकडे, झाडाच्या आडोशाला चार-सहा मोठी माणसे पेले घेऊन बसतात. त्यांना पाणी, बर्फ आणि शेंगदाणे पोहोचवण्याचे काम मात्र घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडे येते. मुलगा उत्साहाने धावपळ करतो. मग कोणी काका त्याला जवळ बसवून म्हणतो, 'घे रे एक घोट, आता मोठा झालास.' सगळे हसतात. तेथे काही गंभीर घडले, असे कोणालाही वाटत नाही.

चार वर्षांनी हाच मुलगा शिक्षणासाठी जळगावला किंवा धुळ्याला खोली करून राहतो. एके दिवशी घरमालकाचा निरोप येतो, की पोरे रात्री पिऊन गोंधळ घालतात. वडील धावत येतात, मुलाच्या कानशिलात लगावतात आणि परत जाताना म्हणतात, 'संगत वाईट लागली.' संगतीचा दोष असतो, हे खरे; परंतु त्या संगतीतली पहिली माणसे कोण होती, हा प्रश्न त्यांना सुचत नाही. किशोरवयीन मुलांच्या दारूची चर्चा आपल्याकडे नेहमी मुलांपासून सुरू होते आणि मुलांपाशीच संपते. ती मोठ्यांपासून सुरू व्हावयास हवी.

वय महत्त्वाचे का?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते १७ या वयोगटातील सुमारे १.३ टक्के मुले दारू घेतात. टक्केवारी लहान दिसते. परंतु भारताच्या लोकसंख्येत तिचा अर्थ सुमारे तीस लाख मुले असा होतो. प्रौढांच्या मानाने हे प्रमाण कमी आहे, आणि त्यातच आशेला जागा आहे. बहुसंख्य मुले अजून या वाटेवर आलेली नाहीत. त्यांना अडवणे हे व्यसनात रुतलेल्याला बाहेर काढण्यापेक्षा कितीतरी सोपे आणि स्वस्त आहे.

'आज ना उद्या घेणारच, मग दोन वर्षे आधी घेतली तर काय बिघडले?' असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. त्याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. मोह आवरणे, परिणामांचा विचार करणे, धोका ओळखणे ही कामे मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असतात, तो सर्वांत शेवटी पक्व होतो. म्हणजे ज्या वयात मुलापाशी लगाम पुरता तयार झालेला नसतो, त्याच वयात त्याला उधळणाऱ्या घोड्यावर बसवले जाते. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. पंधरा वर्षांच्या आत ज्यांनी पिण्यास सुरुवात केली, त्यांच्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूच्या पूर्ण आहारी गेले होते. एकविशीच्या सुमारास सुरुवात करणाऱ्यांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. लवकर पिणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थितीही अनेकदा बिकट असते, त्यामुळे सारा दोष केवळ वयाला देता येणार नाही. तरीही प्रत्येक वर्षाचा विलंब मोलाचा आहे, एवढे या आकड्यांवरून निश्चित दिसते.

याखेरीज तात्कालिक धोका आहेच. कोवळ्या शरीराला थोडी दारूही जास्त होते, आणि किती झाली हे त्याचे त्याला कळत नाही. त्यातून मुलांच्या हाती पडणारी दारू बहुधा सर्वांत स्वस्त असते. नासका गूळ आणि नवसागर यांच्या रसायनातून निघालेल्या हातभट्टीत काय आहे, हे गाळणाराही सांगू शकत नाही. आणि मुंबई-आग्रा महामार्गावरील ढाब्यावरून मध्यरात्री एकाच मोटारसायकलवर परतणाऱ्या तिघांच्या बाबतीत तर व्यसन लागण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

'घरातच शिकलेली बरी'

सुशिक्षित घरांत अलीकडे एक नवे मत ऐकू येते. मुलगा बाहेर चोरून पिणार, त्यापेक्षा घरात आपल्या देखरेखीखाली थोडी घेऊ द्यावी. म्हणजे तो प्रमाणात घ्यावयास शिकेल, असे हे मत आहे. त्यामागे वाईट हेतू नाही. मुलाशी मोकळेपणाने वागावे, या चांगल्या इच्छेतूनच ते येते. परंतु ते अनुभवाच्या कसोटीला उतरलेले नाही. ऑस्ट्रेलियात १,९२७ किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक यांचा सहा वर्षे माग ठेवून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आईवडिलांनी दारू दिली, त्या मुलांना त्यापासून कोणतेही संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. उलट अशी मुले पुढे इतरांकडूनही दारू मिळवण्याची शक्यता वाढलेली आढळली, आणि अति पिणे व त्यातून होणारे अपाय यांची शक्यताही वाढलेली दिसली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. घरातल्या घोटातून मुलगा प्रमाण शिकत नाही. तो परवानगी शिकतो. 'एवढीच घे' यातील 'एवढीच' हा शब्द घरात राहतो आणि 'घे' हा शब्द त्याच्याबरोबर बाहेर जातो. मोकळेपणा दारूविषयी बोलण्यात असावा. तो पेला भरण्यात असण्याचे कारण नाही.

खानदेशने हे पूर्वी केले आहे

दारूचा प्रश्न आला, की 'हे आता कोणाच्याने थांबणार?' असा सुस्कारा ऐकू येतो. परंतु हा सुस्कारा खानदेशच्या इतिहासाला धरून नाही. १९२२-२३ साली देवीची चळवळ दक्षिण गुजरात आणि डांगच्या बाजूने पश्चिम खानदेशच्या आदिवासी भागात पसरली. अंगात आलेल्या देवीचा आदेश होता, की दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, दारूच्या व्यापाऱ्याकडे पाऊल टाकू नका. गावेच्या गावे एकत्र जमली आणि त्यांनी एकत्रच दारू सोडली. पुढे १९३७-३८ च्या सुमारास तळोदे भागात गुलाम महाराजांनी भिल्ल समाजाला हेच सांगितले. आरतीसाठी हजारो लोक जमत आणि दारू सोडण्याची शपथ घेत. प्रत्येकाने दुसऱ्याला 'आप' म्हणून आदराने हाक मारावी, असाही त्यांचा उपदेश होता. व्यसनमुक्ती आणि स्वाभिमान यांची सांगड त्यांनी घातली, हे विशेष.

तिसरा प्रसंग अधिक जवळचा आहे. १९७२ साली तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तेथील आदिवासींचे लाडके पुढारी. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. परंतु त्यात उतरलेल्या स्त्रियांनी आपला स्वतःचा प्रश्न पुढे आणला. मजुरी वाढली, तरी ती गुत्त्यात जाणार आणि रात्री मार आपल्यालाच बसणार, मग वाढीचा उपयोग काय? त्या वेळी या स्त्रिया जथ्याने गावोगाव गेल्या, गुत्त्यांत शिरल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला त्यांनी चारचौघांत जाबही विचारला. शहादे आणि तळोदे हे तालुके १९९८ सालापासून नंदुरबार जिल्ह्यात आहेत. परंतु हा वारसा साऱ्या खानदेशचा आहे.

या चळवळींचा परिणाम सर्वत्र कायम टिकला, असे नाही. देवीचा भर ओसरल्यावर पुष्कळ ठिकाणी दारू परत आली. मोहाची दारू हा सातपुड्यातील अनेक विधींचा भाग आहे, आणि मोहाचे फूल हे तेथील माणसाचे अन्न आणि उत्पन्नही आहे. म्हणून शहरातल्या माणसाने त्यावर तुच्छतेने बोलू नये. उलट त्याने तेथून काही शिकावे. या तिन्ही प्रसंगी दारू सोडण्याचा आदेश मोठ्या माणसांना होता, आणि तो त्यांनी एकेकट्याने न पाळता सर्वांसमोर, एकमेकांच्या साक्षीने पाळला. ज्या गावात बाप, काका आणि पाटील यांनी एका दिवशी पेला खाली ठेवला, त्या गावातल्या मुलाला वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नव्हती.

कायद्याचे बोटही मोठ्यांकडेच

आजचा कायदाही हेच सांगतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात दारू पिण्यास परवाना लागतो. बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ७७ त्याहून कठोर आहे. अठरा वर्षांखालील मुलाला वैद्यकीय सल्ल्याखेरीज दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यात दुकानदार आणि काका असा भेद केलेला नाही. कलम ७८ प्रमाणे दारू विकणे, वाहून नेणे किंवा पुरवणे यांसाठी मुलाचा वापर करणाऱ्यासही तितकीच शिक्षा आहे. बाटली आणावयास पोराला पिटाळणाऱ्या प्रत्येकाने हे शब्द एकदा वाचावेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनेही अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला आणि वाहनमालकाला जबाबदार धरले आहे. मुलाच्या हाती घातक वस्तू आली, तर ती कोणी येऊ दिली, हा प्रश्न कायदा आधी विचारतो.

गावाच्या हातीही साधने आहेत. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाबाबत मतदान घेता येते. उभी बाटली की आडवी बाटली, या त्या मतपत्रिकेने महाराष्ट्रातील अनेक दुकाने बंद झाली आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने अवैध दारूवर लक्ष ठेवण्यासाठी ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. परंतु कायदा दारापर्यंत येतो, उंबरठा ओलांडत नाही. जो गावकरी दुपारी आडव्या बाटलीसाठी सही करतो आणि रात्री मुलाला बर्फ आणावयास पाठवतो, त्याच्यापुढे कोणताही आदेश लंगडा पडतो. वर्धा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांनी संपूर्ण दारूबंदी पाहिली. त्यांपैकी चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. सरकारे निर्णय बदलतात. घराचा निर्णय मात्र घराच्याच हाती असतो.

घरात, शाळेत आणि खोलीवर

तर मग मोठ्यांनी करावे तरी काय? पहिली गोष्ट अगदी साधी आहे. मुलाला या व्यवहारात नोकर म्हणूनही ओढू नये. त्याला बाटली आणावयास पाठवू नये, पेले धुण्यास सांगू नये, घरात बाटली त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नये, पिऊन केलेल्या पराक्रमांचे किस्से त्याच्यासमोर रंगवू नयेत. हळदीच्या रात्री नवरदेवाच्या मित्रांना 'खूश' करण्याची प्रथा आता खेड्यापाड्यांत शिरली आहे, आणि त्या मित्रांच्या घोळक्यात दहावी-बारावीची मुले सर्रास असतात. ज्याच्या घरचे कार्य आहे, त्याने 'आमच्या मांडवात हे चालणार नाही' असे एकदा स्पष्ट सांगितले, तर त्याचा मान कमी होत नाही. पुढच्या घराला तसे सांगणे त्यामुळे सोपे होते.

दुसरी गोष्ट, बोलणे. दारू चांगली नाही, हे वाक्य मुलाने शंभर वेळा ऐकलेले असते. मित्रांनी आग्रह केला तर नाही कसे म्हणावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. 'घरी कळले तर खैर नाही' ही सबबसुद्धा पंधरा वर्षांच्या मुलाला मोठा आधार देते. आईवडिलांनी ती त्याला आनंदाने वापरू द्यावी. मुलगा रात्री अभ्यासाला कोणाकडे जातो, तेथे मोठे माणूस कोण असते, हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. मुलींच्या बाबतीत हे प्रश्न प्रत्येक घरात विचारले जातात. मुलांच्या बाबतीत ते विचारणे कमीपणाचे का वाटावे?

स्वतः पिणाऱ्या बापाची अडचण अधिक अवघड आहे. 'तुम्ही घेता, मग मला का सांगता?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते, आणि म्हणून तो एक तर गप्प बसतो किंवा हात उगारतो. त्याने खरे सांगावे. 'मला सुटत नाही, म्हणूनच तुला सांगतो' या एका वाक्याचे वजन दहा व्याख्यानांपेक्षा जास्त आहे. सोडण्याची इच्छा असेल, तर मार्ग आहेत. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी असंख्य संसार सावरले आहेत. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर व्यसनाविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

मुलगा पिऊन घरी आलाच, तर त्या रात्री मारहाण आणि उलटतपासणी करू नये. त्याला कुशीवर निजवावे, जवळ बसावे. शुद्ध हरपत असेल किंवा श्वास मंदावला असेल, तर बदनामीची भीती न बाळगता तडक रुग्णालयात न्यावे. बोलावयाचे ते दुसऱ्या दिवशी, शांतपणे. आणि जे ठरेल ते पाळावे.

शिक्षकाचे स्थान येथे आईवडिलांच्या खालोखाल आहे. सोमवारची गैरहजेरी, एकाएकी घसरलेले गुण, तुटलेल्या जुन्या मैत्र्या ही लक्षणे त्याला घरच्यांच्याही आधी दिसतात. शाळेच्या नावाला बट्टा नको म्हणून मुलाच्या हाती दाखला ठेवणे सोपे असते. परंतु शाळा सुटलेला मुलगा उरलेला सारा दिवस त्याच संगतीत घालवतो. पालकांना बोलावून, मुलाचा पाणउतारा न करता केलेली चार वेळची चर्चा अधिक उपयोगी पडते. याबाबत अमळनेरचे उदाहरण खानदेशाला परके नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथे शिक्षक होते आणि छात्रालयाचे कामही पाहत होते. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांच्या वस्तू नीट लावणे, त्यांच्यासाठी हाताने लिहिलेले 'छात्रालय' दैनिक काढणे, असा त्यांचा दिनक्रम होता. घरापासून दूर आलेल्या मुलाच्या रोजच्या आयुष्यात एक प्रेमळ मोठे माणूस हवे, एवढेच त्यांनी ओळखले होते.

आज जळगाव आणि धुळ्याच्या उपनगरांत हजारो मुले खोल्या करून राहतात. त्यांना खोली देणारा घरमालक बहुधा कारकून, शिक्षक किंवा निवृत्त कर्मचारीच असतो. भाडे वेळेवर आले की त्याचा संबंध संपतो. त्याने आठवड्यातून एकदा जिना चढून 'काय रे, जेवलात का?' एवढे विचारले आणि मुलांच्या घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवला, तरी पुष्कळ काही टळेल.

हे सारे एकट्या घराने करणे कठीण आहे. 'बाकी सगळ्यांना परवानगी आहे' या मुलाच्या वाक्यापुढे आईवडील नमतात. आइसलँडने यावर उपाय शोधला. तेथील पालकांनी शाळाशाळांतून एकत्र येऊन लेखी करार केले, की मुलांना दारू देणार नाही, रात्री उशिरा बाहेर राहू देणार नाही, आणि मुलांबरोबर अधिक वेळ घालवू. नगरपालिकांनी खेळ आणि संगीत यांवर पैसा खर्च केला. १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असत. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. आइसलँड श्रीमंत आणि चिमुकला देश आहे. त्याची नक्कल येथे जशीच्या तशी करता येणार नाही. परंतु पालकांनी एकमेकांना शब्द देण्यास पैसा लागत नाही. एका शाळेच्या पालकसभेत, एका वसाहतीत, एका गल्लीत हे होऊ शकते. सातपुड्याच्या पायथ्याशी गावेच्या गावे शंभर वर्षांपूर्वी असेच एकत्र येऊन शब्द देऊन गेली आहेत.

भरिताचा हंगाम दरवर्षी येईल. विहिरीपलीकडची बैठक एका वर्षात मोडणार नाही, हेही उघड आहे. परंतु त्या बैठकीतून हाक आल्यावर मुलगा तिकडे जायला निघाला, तर त्याला हाताशी धरून पंगतीत बसवणारे एक माणूस तेथे असावे. ते आजोबा असतील, आई असेल, मामा असेल किंवा शेजारचे गुरुजी असतील. त्याचा पहिला पेला दोन-चार वर्षे लांबला, आणि कदाचित कायमचा टळला, तर त्याचे श्रेय कोणत्याही शासकीय आदेशाला मिळणार नाही. ते त्या एका हाताचे असेल.